चाय, साखर आणि सहा विभक्ती: गावात बसून रशियन शिकताना

माझा धाकटा भाऊ रशियात डॉक्टरकी शिकतो. प्रवेशाचं काम ज्यांनी करून दिलं, त्यांनी आमच्या ओसरीत बसून बाबांना सांगितलं होतं, "भाषेची काळजीच करू नका, सगळं इंग्रजीत हाय." पहिली दोन वर्षं ते खरंही होतं. तिसऱ्या वर्षी तो वॉर्डात उभा राहिला. समोरच्या आजी पोटावर हात ठेवून "बलीत, बलीत" म्हणत राहिल्या आणि त्याला तो एक शब्द कळला नाही. बलीत म्हणजे दुखतं. त्या रात्री फोनवर त्याचा आवाज दाटला होता. "ताई, मले तिचं दुखनंच समजलं नाही."

पुस्तकं इंग्रजीत असतात, पण रोगी इंग्रजीत कण्हत नाही. आपल्याकडच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशात शिकलेल्या डॉक्टरला बारा महिन्यांची इंटर्नशिप तिथेच, त्याच संस्थेत करावी लागते. म्हणजे वर्षभर रोज रशियन बोलणारी माणसं समोर येणार. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात हायस्कूलला मराठी शिकवते. रशियनचं एक अक्षर मला येत नव्हतं. पण भावाला नुसतं "शीक रे" म्हणून भागणार नव्हतं, म्हणून मीही त्याच्यासोबत वही उघडली. त्याला आता तीन वर्षं होतील. या तीन वर्षांत माझी एक गोष्ट पक्की झाली: मराठी माणसाने रशियन इंग्रजीतून शिकू नये, मराठीतून शिकावी. आणि रशियन मातृभाषा असलेला शिक्षक जरूर लावावा, पण पहिल्या दिवशी नाही. तीन महिने स्वतः नांगरणी करायची आणि मग पेरणीला माणूस बोलवायचा.

किती शिकायचं ते आधी ठरवा

रशियनची सरकारमान्य परीक्षा आहे. इंग्रजीत तिला टॉरफल म्हणतात, रशियनमध्ये तेएरकाई. तिच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला साधारण ७८० शब्द लागतात, दुसरीला १३००, तिसरीला २३००. रशियन माध्यमातून पदवीला बसायचं तर ही तिसरी पायरी लागते. वॉर्डात रोग्याशी बोलण्यासाठी दुसऱ्या पायरीची तयारी आणि वर आजाराचे दोनेकशे शब्द एवढ्यावर सुरुवात होते. अमेरिकेची परराष्ट्र सेवा आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना रशियनसाठी ११०० तास वर्गात बसवते. आकडा पाहून घाबरू नका. त्यांना जे पाठ करायला महिने लागतात, त्यातलं बरंच आपल्या जिभेवर आधीच आहे. ते पुढे येईलच.

लिपी: दहा दिवस

देवनागरीत किंवा इंग्रजीत लिहिलेली रशियन वाचून शिकू नका. मी इथे देवनागरी वापरते आहे ती फक्त ओळख करून देण्यापुरती. तुमच्या वहीत दहाव्या दिवसानंतर रशियन लिपीशिवाय काही दिसू नये.

अक्षरं तेहतीस: दहा स्वर, एकवीस व्यंजनं आणि दोन अशी चिन्हं ज्यांना स्वतःचा आवाज नाही. पहिले दोन दिवस ओळखीच्या अक्षरांचे. इंग्रजी ए, के, एम, ओ, टी सारखी दिसणारी अक्षरं तशीच वाचायची, फक्त ए चा उच्चार आ. पुढचे तीन दिवस फसव्या अक्षरांचे, आणि खरा घोळ इथेच होतो. बी सारखं दिसतं ते व. एच सारखं दिसतं ते न. पी सारखं ते र, सी सारखं ते स, वाय सारखं ते उ, एक्स सारखं ते ख. हा ख आपल्या खडूतला नव्हे, उर्दूतल्या खबरीतला, घशातून घासत येणारा. म्हणूनच तिथल्या रेस्टॉरंटची पाटी आपलं पोर "पेक्टोपाह" अशी वाचतं, आणि ती असते "रिस्तरान". फसवी अक्षरं घोटून घेतली की राहिलेली झपाट्याने येतात. इंग्रजी ४ च्या आकड्यासारखं दिसणारं अक्षर म्हणजे च, आणि रशियनमध्ये चारला "चितीर्ये" म्हणतात. ते तर विसरायलाच नको.

हाताने लिहायची रशियन छापील रशियनपेक्षा बरीच वेगळी असते. आपल्याकडे बाळबोध आणि मोडीचं होतं तसंच. छापलेला त हातात इंग्रजी एम सारखा होतो, द जी सारखा, प एन सारखा. तिथली पहिलीची मुलं ज्या सुलेखनाच्या वह्या गिरवतात त्यांना "प्रोपिसि" म्हणतात. हा शब्द रशियन लिपीत टाइप करून शोधलात तर छापून घेता येतील अशी पानं मिळतात. तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडून दहा पानं काढून आणा आणि रोज एक पान गिरवा. मोबाइलवर गूगलच्या कीबोर्डात रशियन भाषा जोडा. टाइप करता आलं की शोधता येतं, आणि शोधता आलं की निम्मं अडणं संपतं.

कान तयार करा

आमच्याकडे शाळेला शाया म्हणतात आणि डोळ्याला डोया. लिहिताना मात्र ळ च लिहितो. रशियनमध्येही लिहिणं एक आणि म्हणणं एक असं बरंच आहे, पण त्याला नियम आहे. प्रत्येक शब्दात एका स्वरावर जोर असतो. जोर नसलेला ओ हा आ सारखा म्हणायचा. लिहितात मोलोको, म्हणतात "मलाको", म्हणजे दूध. लिहितात खोरोशो, म्हणतात "खराशो", म्हणजे छान. मॉस्कोसुद्धा त्यांच्या तोंडी "मस्क्वा" आहे.

जोर कुठे द्यायचा हे मात्र शब्दागणिक पाठ करावं लागतं. जोराची खूण फक्त शिकणाऱ्यांच्या पुस्तकांत असते, वर्तमानपत्रात नसते. जोर चुकला तर अर्थ बदलतो. आपल्याच पिकाचं उदाहरण घ्या. पहिल्या ओ वर जोर दिला तर "ख्लोपक", म्हणजे कापूस. दुसऱ्यावर दिला तर "ख्लपोक", म्हणजे टाळी. लिहायला दोन्ही अक्षरशः सारखे. म्हणून माझा नियम असा की नवा शब्द वहीत उतरवताना त्याच क्षणी जोराची खूण करायची. विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशात शब्दाचा जोर आणि सगळी रूपं मिळतात, फोर्वो या संकेतस्थळावर तिथल्या माणसांनी म्हटलेला आवाज ऐकता येतो. दोन्ही फुकट आहेत.

दुसरी गोष्ट मऊ आणि कठीण व्यंजनांची. "ऊगल" म्हणजे कोपरा. त्याच्या शेवटी ते मुकं मऊ चिन्ह लावलं की ल म्हणताना जीभ टाळूला पसरते, अर्धा य मिसळल्यासारखा होतो, आणि तो शब्द होतो कोळसा. वणी आणि चंद्रपूरकडच्या मुलांना हा शब्द लागणारच. हा फरक पुस्तकातून येत नाही. ऐकून, म्हणून, रेकॉर्ड करून, परत ऐकूनच येतो.

इथे मराठी आपल्याला एक देणगी देते. आपले च दोन आहेत: चहातला आणि चाकातला. रशियनमध्येही हे दोन आहेत आणि त्यांना दोन वेगळी अक्षरं आहेत. इंग्रजीतून शिकणाऱ्याला शब्दाच्या सुरुवातीला चाकातला च काढायला कष्ट पडतात, आपण तो जन्मापासून काढतो. "झ" म्हणून मी जे लिहिते तो आवाज मात्र आपल्याकडे नाही. श म्हणताना गळ्यातून भुंग्यासारखी गुणगुण काढली की जवळपास पोहोचता. आणि एक स्वर आहे, ई आणि ऊ च्या मधला. तोंड ई चं ठेवून जीभ मागे ओढायची. महिनाभर तो नीट येणार नाही, पुढे येतो.

व्याकरण: शाळेतलं मराठीचं पुस्तक काढा

आता खरा मुद्दा. इंग्रजीतल्या रशियन पुस्तकांत पहिली पन्नास पानं नामाला लिंग असतं म्हणजे काय आणि विभक्ती म्हणजे काय हे समजावण्यात जातात. आपल्याला सातवी-आठवीत हे झालेलं असतं. रशियनमध्ये पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग ही तिन्ही आहेत. इंग्रजीत हा प्रकार नाही, हिंदीत दोनच लिंगं. आपल्याकडे तिन्ही शाबूत आहेत. शिवाय तिथे शब्दाच्या शेवटावरून लिंग बहुतेक वेळा कळतं: व्यंजनावर संपला तर पुल्लिंग, आ वर संपला तर स्त्रीलिंग, ओ वर संपला तर नपुंसक.

माझा, माझी, माझं यांना "मोय, मया, मयो". दूरच्या तो, ती, ते यांना "तोत, ता, तो". आला, आली, आलं यांना "प्रिशोल, प्रिश्ला, प्रिश्लो". भूतकाळात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं हे माझ्या भावाच्या वर्गातल्या इतर देशांच्या मुलांना नवल वाटलं होतं. त्याला वाटलं नाही.

विभक्ती सहा. त्या तक्त्यावरून पाठ करू नका. एक ओळखीचा शब्द घ्या आणि मराठीशेजारी ठेवा. मी साखर घेतली, कारण रशियनमध्येही साखरेला जवळजवळ "साखर"च म्हणतात, फक्त ख घशातला. दोन्ही शब्द दूरच्या वाटांनी संस्कृत शर्करेकडेच जातात.

साखर आहे: "साखर". साखरेचा भाव: "साखरा". साखरेला: "साखरु". साखर घेतली: पुन्हा "साखर". साखरेने, साखरेसह: "साखरम". साखरेबद्दल: "साखरे".

चहा म्हणजे "चाय". साखर घातलेला चहा "चाय स साखरम", बिनसाखरेचा "चाय ब्येस साखरा". हे दोन वाक्प्रयोग घरात रोज चहाच्या वेळी मोठ्याने म्हणा. आमची आई आता म्हणते, "तुया चाय ब्येस साखरा ठेवला हाय वं." सहापैकी दोन विभक्ती अशा चुलीजवळ पक्क्या झाल्या.

आणि मग येते ती मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मराठीत आपण "मला थंडी वाजते", "मला आवडतं", "मला पाहिजे" म्हणतो. वऱ्हाडीत मले. रशियनमध्ये मला म्हणजे "म्न्ये": थंडी वाजते तर "म्न्ये खोलदना", आवडतं तर "म्न्ये न्रावित्सा". वयसुद्धा तिथे "मला वीस वर्षं" असं सांगतात. "माझ्याकडे पुस्तक आहे" हे रशियनमध्ये "ऊ मिन्या येस्त्य क्नीगा", शब्दाला शब्द माझ्याकडे आहे पुस्तक. इंग्रजीतून जाणारा आधी "आय हॅव" असं डोक्यात बांधतो, मग ते मोडतो, मग रशियन बांधतो. आपण सरळ जाऊ शकतो. डोकं दुखतं तर "ऊ मिन्या बलीत गलवा". मराठीसारखंच, दुखतं ते डोकं, आणि क्रियापद डोक्याप्रमाणे बदलतं. भावाला मी हे वाक्य असं उलगडून दाखवलं त्या दिवसापासून तो रोग्याला "ग्द्ये बलीत?", कुठे दुखतं, हे न अडखळता विचारायला लागला.

अवघड काय ते सांगते. एक म्हणजे क्रियापदांच्या जोड्या. वाचत होतो याला एक क्रियापद आणि वाचून काढलं याला दुसरं: "चिताल" आणि "प्रचिताल". लिहीत होतो आणि लिहून टाकलं यांना "पिसाल" आणि "नपिसाल". मराठीत आपण काढणे, टाकणे, घेणे असं दुसरं क्रियापद जोडून जे साधतो, ते ते बहुतेक वेळा पुढे उपसर्ग लावून साधतात. प्रत्येक क्रियापद जोडीनेच वहीत लिहा. दुसरं म्हणजे जाणे. पायी जाणं वेगळं, गाडीने जाणं वेगळं. त्यात आत्ता एका दिशेने चाललोय याला एक आणि रोज जातो-येतो याला दुसरं. "इत्ती, खदीत्य, येखत्य, येज्दित्य", असे चार. यावर घाई करू नका, हा भाग शिक्षकासाठी राखून ठेवा. तिसरं म्हणजे आकडे, त्यांच्यापुढे नामाचं रूप बदलतं. तिथलं चलन घ्या: एक "रुब्ल", दोन ते चार "रुब्ल्या", पाच ते वीस "रुब्ल्येय". बाजारात रोज लागतं, म्हणून पाठ करा.

नात्यांचे काही शब्द ऐकून अंगावर काटा येतो. नवऱ्याच्या भावाला "द्येविर", आपला दीर, संस्कृतातला देवर. सुनेला "स्नखा", संस्कृत स्नुषा. सासऱ्याला "स्व्योकर", संस्कृत श्वशुर. पण हे फक्त बाईच्या सासरचे, पुरुषाच्या सासू-सासऱ्यांना तिथे निराळे शब्द आहेत. दोन्ही भाषा एकाच फार जुन्या कुळातल्या म्हणून हे साम्य आहे. लक्षात ठेवायला त्याची खुंटी वापरा, पण प्रत्येक शब्दात संस्कृत शोधत बसू नका. मोबाइलवर फिरणाऱ्या अशा याद्यांत खऱ्यासोबत बरंच ओढूनताणून आणलेलं असतं.

रोजचं वेळापत्रक

आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत सलग दोन तास कोणालाच मिळत नाहीत. म्हणून मी अभ्यास तुकड्यांत ठेवला. पहाटे वीस मिनिटं शब्द, शाळेत जाता-येता कानात आवाज, रात्री अर्धा तास वही. शब्दांसाठी अँकीड्रॉइड हे फुकट ॲप आहे. शब्द विसरायच्या बेताला आला की ते तो पुन्हा समोर आणतं आणि नेटशिवाय चालतं. कार्डाच्या एका बाजूला रशियन, दुसऱ्या बाजूला मराठी लिहा, इंग्रजी नको. तयार मराठी कार्डं मिळणार नाहीत. स्वतः करावी लागतील, आणि करतानाच अर्धी पाठ होतात. रोज दहा शब्द पुरे. महिन्यातले काही दिवस गेले तरी पहिल्या पायरीचे ७८० शब्द तीन महिन्यांत होतात.

धड्यांसाठी मॉस्कोच्या पुश्किन संस्थेचे फुकट ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. ही संस्था १९६६ पासून परदेशी लोकांना रशियन शिकवते. ड्युओलिंगो या ॲपवर रशियन आहे, इंग्रजीमार्गे. पहिल्या महिन्यात हात बसायला बरं आहे, पण विभक्ती ते नीट समजावत नाही, म्हणून एकट्या त्यावर विसंबू नका. ऐकायला सोयुझमुल्तफिल्म या १९३६ साली सुरू झालेल्या स्टुडिओची लहान मुलांची कार्टून घ्या. त्यातली रशियन स्वच्छ आणि सावकाश असते. तालुक्याला गेलात की चांगल्या रेंजमध्ये आठवड्याचं सगळं डाउनलोड करून आणा. एकच पाच मिनिटांचा तुकडा आठवडाभर ऐका. नवं नवं ऐकण्यापेक्षा तेच ऐकून जास्त येतं, हा माझा आणि भावाचा दोघांचा अनुभव आहे.

शिक्षक कधी लावायचा

लिपी वाचता येते, पाचेकशे शब्द येतात, स्वतःबद्दल दहा वाक्यं बोलता येतात, एवढं झालं की. त्याआधी लावलात तर अक्षरं शिकवण्याचे पैसे जातील. आणि फार उशीर केलात तर चुकीचे उच्चार जिभेत मुरतील. एकट्याने जे होत नाही त्यासाठीच शिक्षक: कान, जीभ आणि समोरच्याला तोंड देण्याची सवय.

शिक्षक कुठे शोधायचा

मातृभाषा रशियन असलेला माणूस रशियातच असला पाहिजे असं नाही. बेलारूस, कझाकस्तान, किर्गिझस्तान इथे लाखो लोक घरात रशियन बोलतात. आपल्या वेळेच्या दृष्टीने ते सोयीचंही पडतं. मॉस्को आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. कझाकस्तानातलं अल्माटी आणि रशियातलं येकातेरिनबुर्ग फक्त अर्धा तास मागे, किर्गिझस्तानातलं बिश्केक अर्धा तास पुढे. रशियातलंच नोवोसिबिर्स्क दीड तास पुढे. व्लादिवोस्तोक साडेचार तास पुढे, म्हणजे आपली संध्याकाळ झाली की तिथे झोपायची वेळ. ज्यांना पहाटे पाचला धडा हवा त्यांनी नोवोसिबिर्स्ककडचा शिक्षक पाहावा, रात्री नऊला हवा त्यांनी मॉस्कोचा.

आयटॉकी आणि प्रेप्ली या दोन संकेतस्थळांवर शिक्षकांची मोठी यादी असते. मातृभाषा, देश, वेळ आणि फी यांवरून चाळता येते. आयटॉकीवर एकेक धडा विकत घेता येतो. प्रेप्लीवर चाचणीच्या धड्यानंतर दर आठवड्याचं बांधून घ्यावं लागतं. शेतीवाल्या घरासाठी मला एकेक धडा घेणं बरं वाटतं, कारण पैसा आपल्याकडेही हंगामानेच येतो.

शिक्षकाच्या माहितीत "एर-का-ई" ही अक्षरं शोधा. परदेशी माणसांना रशियन शिकवण्याचं जे वेगळं शिक्षण असतं त्याचं ते संक्षिप्त नाव आहे. हे का पाहायचं ते सांगते. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही विचारा, "रामाने आंबा खाल्ला" यात ने का आणि "राम आंबा खातो" यात का नाही. बोलतो प्रत्येकजण, सांगता येत नाही. रशियन माणसाचंही तसंच आहे. म्हणून चाचणीच्या धड्यात एकच प्रश्न विचारा: "इत्ती" आणि "खदीत्य" यात फरक काय? जो चित्र काढून, तुमच्या दिवसातली उदाहरणं देऊन समजावतो, तो शिक्षक. "आम्ही असंच म्हणतो" असं जो म्हणतो, त्याच्याशी गप्पा मारायला हरकत नाही, पण व्याकरण त्याच्याकडून शिकू नका.

मुंबईत पेडर रोडवर रशियन हाऊस आहे, तिथे रशियनचे वर्ग चालतात. पुण्याच्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागातही, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, रशियन शिकवतात. पदविका किंवा प्रमाणपत्र हवं असेल त्यांनी आधी तिथे चौकशी करावी.

फुकट बोलायला हॅलोटॉक आणि टँडेम ही भाषा अदलाबदलीची ॲप आहेत. मराठी शिकायची असणारा रशियन माणूस क्वचित भेटेल, हिंदी किंवा इंग्रजी हवी असणारे भेटतात. मुलींना माझं सांगणं आहे की फोन नंबर, फोटो, गावाचं नाव देऊ नका, बोलणं ॲपमध्येच ठेवा. भेटवस्तू पाठवली, कस्टममध्ये अडकली, पैसे भरा, असं कोणी म्हटलं तर त्याच क्षणी संपर्क तोडा. आणि मुलांना त्याहून कळकळीने सांगते. भाषेच्या ओळखीतून कोणी रशियात चांगल्या पगाराची नोकरी देतो म्हणाला, तर घरी सांगितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. नोकरीच्या आमिषाने भारतीय तरुणांना तिकडे नेऊन युद्धावर धाडणाऱ्या टोळीवर मार्च २०२४ मध्ये सीबीआयने छापे टाकले होते.

पैसे आणि कॉल

यूपीआयने बाहेरच्या शिक्षकाला पैसे जात नाहीत. व्हिसा आणि मास्टरकार्डने मार्च २०२२ मध्ये रशियातलं काम थांबवलं, त्यामुळे रशियात राहणाऱ्या शिक्षकाला आपल्या कार्डावरून थेट पैसे पाठवणं अवघड झालं आहे. रशियाबाहेर राहणारा शिक्षक घ्यावा, हे सोपं. आपल्या डेबिट कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतात, बँकेच्या ॲपमधून ते सुरू करा, धड्याचे पैसे भरा आणि पुन्हा बंद करा. परकीय चलनाचा आकार बँक वर लावते, तो धरून हिशेब करा. पाच-दहा धड्यांचे पैसे एकदम भरू नका. आधी एक, मग दोन, मग पाच.

ऑगस्ट २०२५ पासून रशियाने व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरच्या कॉलना आडकाठी घातली आहे, म्हणून तिथल्या शिक्षकाशी झूमवर ठरवा. फुकटच्या झूमला चाळीस मिनिटांची मर्यादा असते. नव्या शिकणाऱ्याचं डोकं तेवढ्यातच भरतं, त्यामुळे ती अडचण वाटत नाही. रेंज कमी असेल तर चित्र बंद करून फक्त आवाज ठेवा. मी पाऊस नसला की स्लॅबवर जाऊन बसते, तिथे दोन काड्या जास्त मिळतात.

धडा कसा घ्यायचा

शिक्षकाला नुसत्या नावाने हाक मारू नका. तिथे आदराने हाक मारायची रीत म्हणजे नाव आणि वडिलांचं नाव. वडील निकोलाय असतील तर मुलगी "येलेना निकोलायेव्ना". आपल्या सातबाऱ्यावर असतं तसंच मधलं नाव वडिलांचं, फक्त लग्नानंतर बाईचं ते बदलत नाही. पहिल्याच दिवशी विचारून घ्या. तू आणि तुम्ही यांना "ती" आणि "वी", यातला ई तो मागे ओढलेला. शिक्षकाला नेहमी "वी", ते स्वतःहून "ती" म्हणा असं सांगेपर्यंत.

धड्याआधी पाच वाक्यं लिहून ठेवा. शिक्षकाकडे रिकाम्या हाताने गेलात तर ते त्यांचं ठरलेलं पुस्तक काढतील आणि तुमचा धडा त्यांच्या सोयीने चालेल. माझी पहिली पाच वाक्यं कापसाबद्दल होती. संत्र्याला मी शब्दकोशातला "अपिल्सीन" म्हटलं. फोटो पाहून माझ्या रशियनच्या बाई म्हणाल्या, हे "मंदरीन". सोललं की साल अलगद सुटणारं आपलं नागपुरी संत्रं त्यांच्या लेखी निराळं फळ आहे. असा शब्द शब्दकोश देत नाही, माणूसच देतो.

दोन वाक्यं पहिल्या दिवशी पाठ हवीत. "पफ्तरीत्ये, पझालुस्ता", पुन्हा म्हणा, कृपया. "काक एता पा-रूस्की?", याला रशियनमध्ये काय म्हणतात? धड्यात ही दोन जितकी जास्त वापराल तितकं तुमच्या पैशाचं चीज होईल. चुका मध्येच दुरुस्त करायच्या की शेवटी, हे शिक्षकाशी आधीच ठरवा. मला मध्येच हवं असतं, भावाला शेवटी. धडा रेकॉर्ड करण्याची परवानगी मागा. दुसऱ्या दिवशी तो ऐकून चुकांची वेगळी वही भरा आणि पुढच्या धड्याची सुरुवात त्या वहीतूनच करा. आठवड्याला एक धडा आणि मधल्या सहा दिवसांचा अभ्यास हे प्रमाण राखा. आठवड्याला चार धडे घेऊन वही न उघडणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांचं पुढे सरकत नाही.

सहा-आठ धड्यांनंतर रेकॉर्डिंगमध्ये कोण किती बोलतं ते मोजा. निम्म्याहून जास्त वेळ शिक्षकच बोलत असेल तर एकदा तसं सांगून पाहा, आणि नाही बदललं तर शिक्षक बदला. यात अपमान नाही. आभार मानून थांबायचं.

धडा रद्द करायचा तर बहुतेक ठिकाणी चोवीस तास आधी कळवावं लागतं, नाहीतर पैसे जातात. आपल्याकडे लाईन कधी जाईल ते चोवीस तास आधी कोणालाच माहीत नसतं. म्हणून पहिल्याच धड्यात शिक्षकाला हे समजावून सांगा आणि मोबाइल चार्ज ठेवा. तरी गेलीच, तर दोन मिनिटांत एवढं पाठवा: "ऊ नास न्येत स्व्येता." आमच्याकडे लाईट नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा पाठवलं तेव्हा बाईंनी उत्तरात विचारलं, "स्व्येत अत्क्ल्युचीली?" म्हणजे लाईट घालवली का? त्यांच्या लहानपणी गावात असंच व्हायचं म्हणे. पुढच्या धड्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं कंदील, चूल आणि विहीर यांचे शब्द शिकलो.